बेचाळीस नग आणि एक सिरिल

वरच्या लोकेच्या अग्निशमन दलाचा बंबखाना गावच्या चर्चपेक्षा थोडासाच लहान आहे, पण त्याची लादी चर्चच्या लादीपेक्षा स्वच्छ आहे, हे खुद्द पाद्रीबाबाही मान्य करतात. हे सगळं सिरिल राकोवेत्सचं काम. सिरिल दलाचा कोठावळा. नळ्या, शिड्या, बादल्या, पंप, कंदील आणि दलाचा रक्षक संत फ्लोरियान यांचा लाकडी पुतळा असे बेचाळीस नग त्याच्या ताब्यात, आणि चौतीस वर्षं त्याने ते असे सांभाळले होते की गावातल्या काही बायका आपल्या नवऱ्यांना त्याचं उदाहरण द्यायच्या. नवऱ्यांना तो त्यामुळेच फारसा आवडत नसे.

सिरिलचा एकच नियम. बर्फाचा कण उंबरठ्याच्या आत येता कामा नये. नगावरचा बर्फ बाहेरच झाडायचा, वरून खाली, सांधे सगळ्यात शेवटी. झाडायचा तो पंखाने. सिरिल मधमाश्या पाळायचा, आणि माश्यांना न दुखवता पोळ्यावरून बाजूला सारायला हंसाचा जो अख्खा पंख वापरतात तोच त्याने बंबखान्यासाठी पक्का केला होता. फडक्याने बर्फ आत घुसतो, झाडूने ओरखडे पडतात. पंखाने झाडून झालं की नग उलटा करायचा, तीनदा ठोकायचा, मग कान लावून ऐकायचं. नळीच्या टोकाचं कपलिंग, ज्याने ती पंपाला जोडतात, मोकळं असेल तर आत वारा वाजतो. काहीच वाजलं नाही, तर आत बर्फ आहे. हे झाडण्याचं काम कोठावळ्यानेच करायचं, असंही त्याने नियमावलीत घालून घेतलं होतं.

आता माणूस असा उगाच होत नाही. सिरिल नवा नवा कोठावळा झाला त्या हिवाळ्याची गोष्ट. सरावावरून परत आल्यावर त्याने शेवटची नळी तशीच आत टाकली, कारण घरी त्याच्या बायकोने, पाव्लाने, मांसाहारबंदीच्या आधीच्या सणाचे जर्दाळूच्या जॅमचे गोड वडे तळले होते आणि ते गरम खायचे होते. कपलिंगात बर्फ राहिला, वितळला, रात्रीतून पुन्हा गोठला. दुसऱ्या दिवशी गावातल्या येर्नेयच्या गवताच्या मांडवाला आग लागली. सगळे जिवाच्या आकांताने धावले, पण नळी पंपाला लागेना. सिरिलने कपलिंगावर फुंकर घातली, चहा ओतला, शेवटी ते काखेत धरून बसला. अकरा मिनिटं. तोवर शेजारच्या खालच्या लोकेचं दल आलं आणि त्यांनी पाणी सोडलं. मांडवाचे चार खांब उरले.

खालच्या लोकेच्या लोकांना आयतंच कोलीत मिळालं. त्यांचा प्रमुख तिने गोर्युप तेव्हापासून दर उन्हाळ्याच्या जत्रेत दारूच्या टेबलावरून ओरडायचा, "सिरिल, दोन तुकडे बर्फ पाठव रे!" सिरिल दर वेळी ग्लास तसाच ठेवून घरी जायचा. पण त्याला खरं लागलं ते गोर्युपचं नाही. त्या वर्षीच्या सभेच्या वहीत आपल्याच लोकांनी लिहिलं होतं, "कोठावळ्याच्या हलगर्जीपणामुळे." बावन्न माणसं बसली होती. बाबा, होतं असं कधी कधी, एवढं म्हणायला एकाचीही जीभ उचलली नाही.

असो. तर दलाची वार्षिक सभा फेब्रुवारीतल्या तिसऱ्या शनिवारी दुपारी तीनला असते. वरच्या मजल्यावरच्या खोलीत बावन्न माणसं आणि त्यांची पोटं मावत नाहीत, म्हणून दर वर्षी बंबखाना रिकामा करतात, बंब चर्चच्या भिंतीला लावतात, बेचाळीस नग बाहेर आणतात आणि आत टेबलं मांडतात. एरवी हे नग चर्चच्या सेवेकऱ्याच्या कोठाराच्या छपराखाली ठेवायचे. यंदा त्याने तिथे नवा ट्रॅक्टर आणून उभा केला होता, आणि त्या ट्रॅक्टरवर त्याचा जीव पोटच्या पोरापेक्षा जास्त होता. हवामान खात्याने दिवसभर ऊन सांगितलं होतं. नग अंगणात उघड्यावर मांडले, आणि दोन वाजता बर्फ पडायला लागला.

या सभेत सातवा मुद्दा होता नव्या कोठावळ्याची निवड.

नवी कोठावळी ठरल्यातच जमा होती. आयदा कोकाल, एकोणतीस वर्षांची, शहरातल्या लिफ्टच्या कारखान्यात सुट्या भागांचं कोठार सांभाळणारी. दलाचा अध्यक्ष बोश्त्यान नाताळात सिरिलच्या घरी केक घेऊन आला होता आणि तासभर हवापाण्याचं बोलून शेवटी म्हणाला होता, "सिरिलकाका, आता जरा विश्रांती घ्या. सदुसष्ट झाली." सिरिल म्हणाला, "बघू." आमच्या लोकेत 'बघू' म्हणजे नाही. बोश्त्यानने ते 'हो' म्हणून लिहून घेतलं. अध्यक्ष व्हायला तेवढं ऐकू कमी यावं लागतं.

सहावा मुद्दा होता मावळत्या कोठावळ्याचा अहवाल. सहावा झाल्याशिवाय सातवा घेता येत नाही, असं नियमावली सांगते. सिरिलला ती तोंडपाठ होती.

पाहुणे यायला लागले तेव्हा सिरिल गणवेशावर आजोबांचा जाड लोकरी ओव्हरकोट चढवून, हातात पंख घेऊन दारातच उभा होता. आत येणाऱ्या प्रत्येकाला त्याने झाडलं. पाद्रीबाबांचा झगा खालून उचलून झाडला. "याच पंखाने माश्या झाडतोस ना?" त्यांनी विचारलं. "हो, पण माश्या उभ्या राहतात शांत," सिरिल म्हणाला. मग गोर्युप आला, छातीवर पदकं, पोटावर पट्टा.

"काय रे, मलाही कोठीत ठेवतोस की काय?"

"तुला ठेवण्याएवढी जागा नाही. हात वर कर."

गोर्युपने हात वर केले. शेजारच्या दलाचा प्रमुख, अठ्ठावीस पदकांचा मानकरी, शिडीसारखा उभा राहिला आणि सिरिलने त्याच्या काखेतूनही पंख फिरवला.

सगळे आत गेल्यावर सिरिल मात्र गेला नाही. त्याने अंगणातले नग झाडायला घेतले. पहिली नळी, दुसरी नळी, शिडी, बादल्या, असं करत बेचाळिसाव्या नगापर्यंत, म्हणजे संत फ्लोरियानपर्यंत पोचायला त्याला चाळीस मिनिटं लागली. संतांच्या शिरस्त्राणावरचा बर्फ काढून तो वळला तर पहिली नळी पुन्हा पांढरी. तो परत पहिल्या नळीकडे गेला. आता हा माणूस सभा अडवायला हे करत होता की सामानाच्या काळजीने, असं गावात अजून विचारतात. माझं म्हणणं, दोन्ही. माणसाची काळजी आणि माणसाचा हट्ट एकाच भांड्यात शिजतात.

चार वाजता बोश्त्यान बाहेर आला.

"काका, चला. सहावा मुद्दा."

"सामान उघड्यावर आहे."

"आत टेबलं आहेत हो. सामान आणू कुठे?"

"मग टेबलं बाहेर काढ."

"आणि सभा कुठे घेऊ?"

"घे की बाहेर. हवा छान आहे."

बोश्त्यान आत गेला. मग सभेने डोकं लढवलं. सिरिलने अहवाल खिडकीतून वाचावा, असा ठराव आला. खिडकी उघडली. गार वाऱ्याचा झोत थेट गुलाशच्या, म्हणजे मांसाच्या रश्श्याच्या, पातेल्यावर आला आणि पाव्लाने, जी त्या दिवशी जेवणाची प्रमुख होती, खिडकी पुन्हा लावून टाकली. चिटणिसाने नियमावली उघडली. अहवाल 'सभेसमोर' द्यायचा असं त्यात होतं. खिडकीत उभा असलेला माणूस सभेसमोर आहे की सभेच्या बाजूला, यावर मतदान झालं. सव्वीस विरुद्ध पंचवीस, एक सभासद अंगणात. नियमाने दोन तृतीयांश मतं लागतात, म्हणजे माणूस खिडकीत उभा आहे की नाही हे सभेला ठरवता आलं नाही. गोर्युपला पाहुणा म्हणून मत नव्हतं, पण त्याने छत्री सुचवली. बेचाळीस छत्र्या हव्यात, असं कोणीतरी हिशेबाने सांगितलं.

मग पाव्ला बाहेर आली. अंगावर एप्रन, हातात डाव.

"सिरिल, गुलाशवर थर धरायला लागलाय."

"ढवळ."

"दोनदा ढवळलाय. त्या आयदाने तुझं काय घोडं मारलंय?"

"तिला कपलिंग ऐकायला येत नाही."

"शिकव मग."

सिरिलने एका बादलीची कडी उगाचच पुन्हा झाडली. मग खाली बघत म्हणाला, "पाव्ला, मी रोज सकाळी सहाला उठून इथे येतो. सोमवारपासून उठून जाऊ कुठे?"

चौतीस वर्षांत हे तो पहिल्यांदाच बोलला होता. पाव्लाने डावावरचा बर्फ एप्रनला पुसला.

"हे आत येऊन सांग त्यांना."

"असलं सभेत सांगतात का?"

"मग निदान आत तरी ये. न्युमोनियाने मेलास तर माझी पंचाईत."

सिरिलने संत फ्लोरियानकडे पाहिलं. तेही पांढरे झाले होते. तो दाराकडे निघाला, पाव्लाने दार सताड उघडलं, बावन्नपैकी एक्कावन्न माणसं आणि बारा पाहुण्यांनी वळून पाहिलं. सिरिलने उंबरठ्यापाशी पाय उचलला आणि तिथेच थांबला.

त्याच्या टोपीवर चार बोटं बर्फ होता. खांद्यांवर तर विचारूच नका.

त्याने पाय मागे घेतला. पंखाने टोपी झाडली, छाती झाडली, गुडघे झाडले. मग हात मागे नेला. पाठीच्या मधोमध पंख पोचेना. त्याने डाव्या खांद्यावरून करून पाहिलं, उजव्या खांद्यावरून करून पाहिलं, शेवटी स्वतःभोवती दोन गिरक्या घेतल्या, जणू पाठ अचानक समोर येईल. तोवर टोपी पुन्हा पांढरी झाली.

पाव्लाने एप्रन पुढे केला.

"फडक्याने नाही," सिरिल म्हणाला.

"अरे, नुसती पाठ तर आहे."

"नियम आहे. कोठावळ्यानेच झाडायचं."

आत चिटणिसाने पानं उलटली आणि खेदाने मान हलवली. नियम होता. कोठावळ्याच्या अहवालाशिवाय नवा कोठावळा निवडता येत नव्हता, झाडल्याशिवाय कोठावळ्याला आत येता येत नव्हतं, आणि कोठावळ्याला झाडणारा दुसरा कोठावळा निवडल्याशिवाय मिळणार नव्हता. पाद्रीबाबांनी या घोळातून काही वाट निघते का म्हणून छताकडे पाहिलं.

मागच्या टेबलावरची आयदा उठली. तिने आधी काय केलं, तर पुढ्यातले वाडगे उचलले आणि टेबलावरचं मेणकापड ओढून काढलं. "उचला वाडगे," ती शेजारच्यांना म्हणाली. सहा टेबलांवरची सहा मेणकापडं पाच मिनिटांत अंगणातल्या नगांवर पसरली गेली, कडांवर विटा ठेवल्या गेल्या. संतांना एक आख्खं मेणकापड मिळालं, लाल चौकड्यांचं. हे तीन तासांत कोणालाच का सुचलं नाही, असा प्रश्न त्या वेळी कोणी विचारला नाही, आणि ते बरंच झालं.

मग ती सिरिलसमोर येऊन उभी राहिली.

"मी अजून कोठावळी नाही, काका. पण पंख द्या."

सिरिलने तिच्याकडे पाहिलं. मग पंख दिला आणि हात आडवे केले.

"वरून खाली," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"घासू नकोस."

"घासत नाहीये."

तिने टोपी झाडली, टोपीची कड पंखाच्या टोकाने साफ केली. खांदे झाडले. पाठ झाडली, सिरिलचा हात पोचत नव्हता ती जागासुद्धा. पट्ट्याच्या मागे बर्फ अडकतो हे तिला ठाऊक होतं. कॉलर उलटी करून तिने हळूच टिचकी मारली. "पाय," ती म्हणाली, सिरिलने पाय उचलला, आणि बुटाच्या तळातल्या खाचा तिने पंखाच्या दांडीने कोरून काढल्या. मग दुसरा पाय. शेवटी तिने त्याच्या खांद्यावर तीनदा ठोकलं, खाली वाकली आणि त्याच्या पाठीला कान लावला.



"काय ऐकू येतंय?" सिरिलने विचारलं.

"घरघर येतेय. पण वारा चालू आहे."

"मग?"

"मग मोकळं आहे. चला आत."

सिरिलने हात खाली घेतले, आणि त्याच क्षणी उजव्या मनगटापाशी त्याला गार लागलं. ओव्हरकोटाच्या बाह्या बाहेरून दुमडलेल्या, रुंद. दुपारभर झाडताना उजव्या दुमडीत बर्फ साठत गेला होता, हाताच्या दाबाने त्याचा छान गोळा झाला होता. आयदाने दुमड बघितली नव्हती. बाही म्हणजे सांधा. सांधे सगळ्यात शेवटी. तीच चुकली होती.

हात अंगाशी सरळ धरून, दुमडीचं तोंड वर ठेवून, तो उंबरठा ओलांडून आत आला. त्या आगीनंतर चौतीस वर्षांत पहिल्यांदा बर्फ बंबखान्यात शिरला, तो खुद्द सिरिलच्या हाताने, आणि त्याची खबर एकट्या सिरिलला होती.

जागेवर जाताना त्याने मनात हिशेब केला. आता फार काही करायला नको होतं. अहवालाला उभं राहायचं, हात झटकायचा, गोळा टेबलावर पडेल. बघा, म्हणायचं. हिला कोठी देताय. तिच्याजवळ बोलायला काय राहील? सातवा मुद्दा बारगळेल आणि सोमवारी सकाळी सहाला तो इथे असेल, पुढच्या सोमवारीही.

तो उभा राहिला. त्याचा अहवाल दर वर्षी एकाच ओळीचा असे. बेचाळीस नग, सगळे कोरडे, मदतीला. शेवटचा शब्द म्हणजे दलाचा रामराम. त्यावर सगळ्यांनी 'मदतीला' म्हणायचं आणि गुलाशकडे वळायचं.

"बेचाळीस नग," सिरिल म्हणाला.

त्याने उजवा हात किंचित वर घेतला. समोर चिटणीस पेन उघडून बसला होता. तीच जाड हिरवी वही, जिच्यात दर सभेचं लिहितात आणि जी कधी फेकत नाहीत. पेनाचं टोक कागदाच्या अर्धा बोट वर थांबलं होतं, जे येईल ते लिहून घ्यायला तयार. मागच्या टेबलावर आयदा पंख मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या केसांत बर्फ वितळत होता, कारण तिला झाडायला कोणी नव्हतं.

सिरिलने हात खाली घेतला.

"बेचाळीस नग," तो पुन्हा म्हणाला. "आज कोरडे नाहीत. पण झाकलेले आहेत." थोडा वेळ तो तसाच उभा राहिला. सभेला वाटलं, विसरला म्हातारा. "मदतीला."

"मदतीला," सगळे म्हणाले आणि बोश्त्यानने घाईघाईने सातवा मुद्दा घेतला, की पुन्हा बर्फाने काही अडू नये.

"आयदा कोकाल यांच्या बाजूने कोण?"

हात वर व्हायला लागले. चाळीस, पन्नास. आयदाने स्वतःला मत द्यावं की नाही या विचारात हात अर्धा वर ठेवला होता. बाकी सगळे सिरिलकडे बघत होते. सिरिलने समोरचा वाइन-सोड्याचा ग्लास डाव्या हाताने जवळ ओढला आणि उजवा हात वर केला, खांद्यापासून सरळ, नियमाप्रमाणे.

दुमडीतून गोळा सुटला, खांद्यावर आपटला आणि उघड्या टेबलावर पडला.

आवाज फार नाही झाला. सिरिलचा हात वर दिसताच सगळे हात मोजण्यात गुंतले होते. पण आयदाने पाहिलं. ती आपल्या मांडीवरच्या पंखाकडे बघायला लागली.

सिरिलने हात खाली घेतला. गोळा दोन बोटांत उचलला, शांतपणे ग्लासात सोडला आणि टेबलावर राहिलेला ओला ठिपका बाहीने पुसून टाकला. बाहीने, म्हणजे फडक्याने. तेही नियमाविरुद्धच.

"एकमताने," बोश्त्यान म्हणाला. चिटणिसाने तेवढंच लिहिलं आणि पेन बंद केलं.

शेजारी बसलेल्या गोर्युपने मान लांब करून सिरिलच्या ग्लासात पाहिलं. पांढरा गोळा वर तरंगत होता.

"सिरिल, हा बर्फ?"

आता हा ग्लास ठेवून घरी जाणार, हे चौतीस वर्षांच्या अनुभवाने सगळ्यांना ठाऊक होतं. पाव्लाने तर त्याची टोपीसुद्धा हातात घेतली.

"बर्फच," सिरिल म्हणाला. "आमच्या नळ्यांतला. चौतीस वर्षं मागतोयस ना, म्हटलं आज काढावा." मग त्याने ग्लास मागच्या टेबलाच्या दिशेने उचलला. "सोमवारी सहाला ये गं. कपलिंग ऐकायला शिकवतो."

आणि त्याने तो बर्फ वितळायची वाट न बघता कडाकडा चावून खाल्ला.